गुबगुबीत सरकार

जपानमध्ये माणसाला धड चिडता येत नाही, ही त्या देशाबद्दलची माझी मुख्य तक्रार आहे. आणि ही तक्रार नोंदवायची कुठे, हेही शेवटपर्यंत कळलं नाही. कारण जिथे म्हणून तणतणत जावं, तिथे कुणीतरी टपोऱ्या डोळ्यांचं, लाल गालांचं, कमरेत वाकून माफी मागत आधीच भिंतीवर हजर असतं.

आता थोडी माझी योग्यता सांगतो. मी पुण्याचा. त्यातून एका सरकारी कार्यालयात खिडकीच्या आतल्या बाजूला उभी हयात गेलेली. "सोमवारी या" हे दोन शब्द मी अशा काही कोरडेपणाने म्हणायचो की माझ्या निरोप समारंभात साहेबांनी त्यांचा खास उल्लेख केला. थोडक्यात, लोक चिडतात कसे आणि त्यांना चिडवायचं कसं, या विषयातला माझा अधिकार वादातीत आहे. अशा माणसाला लेकीने कौतुकाने तोक्योला बोलावलं.

लेक-जावई निशी-कसाई भागात राहतात. तिथे आपल्या लोकांची वस्ती बरीच, त्यामुळे पोह्यांची आबाळ होत नाही. पहिल्याच सकाळी फिरायला निघालो तर कोपऱ्यावर रस्ता खणलेला! मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं. बाह्या सरसावून पुढे गेलो. बघतो तर खड्ड्याभोवती गुलाबी सशांची रांग. दोन-दोन सशांनी मिळून एकेक आडवी नळी धरलेली, चेहऱ्यावर 'तुम्हाला त्रास होतोय ना, आम्हालाही वाईट वाटतंय' असा भाव.

"हे काय?" मी लेकीला विचारलं.

"बॅरिकेड आहे, बाबा. कुठे ससे असतात, कुठे बेडूक, कुठे माकडं."

"पण खणलाय कशासाठी? परवाना कुठाय? मुदत काय?"

"अहो," मागून हिचा आवाज आला, "तो परवाना राहू दे, जरा त्या मधल्या सशाशेजारी उभे राहा बघू."

तो फोटो आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आहे. त्यात मी हसतो आहे. खणलेल्या रस्त्याशेजारी उभा राहून हसतो आहे! माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी तो बघून माझ्या तब्येतीची चौकशी केली.

त्यानंतर मी सावध झालो. हा प्रकार एखाद्या हौशी ठेकेदाराचा नाही, यामागे अख्खं सरकार आहे, हे हळूहळू लक्षात आलं. तोक्योच्या पोलिसांकडे १९८७ पासून पीपो-कुन नावाचं एक बाळसेदार प्रकरण आहे. लोकांचं ऐकू यावं म्हणून कान मोठे, सगळीकडे लक्ष राहावं म्हणून डोळे मोठे आणि समाजात काय चाललंय ते टिपायला डोक्यावर अँटेना. आमच्या चौकीतल्या हवालदारसाहेबांचं फक्त पोट मोठं होतं आणि त्यामागचा हेतू कुठे छापलेला नव्हता. प्राप्तिकर ऑनलाइन भरायचा तर तिथे ईता-कुन. आपल्या आधारसारखा त्यांचा जो क्रमांक असतो, त्याच्यासाठी पांढरा ससा. सैन्याची माहिती द्यायला पिकल्स नावाचा राजपुत्र. हद्द म्हणजे होक्काइदोतल्या असाहिकावाच्या तुरुंगाने २०१३ साली स्वतःचं एक बाहुलं काढलं, त्याच्या डोक्यावर केसांऐवजी जांभळं फूल. तुरुंगाबद्दल लोकांना आपुलकी वाटावी म्हणून! आता आत असलेल्या मंडळींना बाहेर पडताना वाईट वाटतं की काय, हे विचारायचं मला सुचलं होतं. जावयाने विचारू दिलं नाही.

या यादीतला माझा आवडता मात्र प्लुटो-कुन. १९९० च्या दशकात तिथल्या सरकारी अणुइंधन महामंडळाने प्लुटोनियमची भीती घालवायला हिरव्या शिरस्त्राणातलं एक गोड पोर तयार केलं. प्रचारफितीत त्याच्यासमोर एक मुलगा प्लुटोनियम घातलेलं पाणी खुशाल पितो आणि प्लुटो-कुन त्याला 'काही होत नाही' म्हणून धीर देतो. अमेरिकेकडूनसुद्धा आक्षेप आला, तेव्हा कुठे फीत मागे घेतली गेली. म्हणजे बघा, गाल गुबगुबीत केले की माणूस काय काय घोटायला तयार होतो.

घरातसुद्धा सुटका नव्हती. मी कचरा टाकायला गेलो. मंगळवार की गुरुवार, जळणारा की न जळणारा, बाटली एकीकडे, तिचं टोपण दुसरीकडे, या सगळ्याचा नातीने वर्ग घेतला होता. तरी माझी पिशवी तेवढी मागे राहिली. तिच्यावर एक चिकटपत्र, त्यावर बरंच काही लिहिलेलं आणि कोपऱ्यात डोळ्यांत पाणी आणलेलं कचऱ्याचं डबडं. पुण्यात याच जागी 'येथे कचरा टाकणाऱ्याचे वडील काढले जातील' अशा धर्तीची पाटी असती. मीही लगेच खाली उभा राहून माझी बाजू मांडली असती, दोन-चार लोक जमले असते, सकाळ सार्थकी लागली असती. इथे भांडायचं कुणाशी? रडणाऱ्या डबड्याशी?

"आजोबा, ते तुमच्यामुळे रडतंय," नात म्हणाली.

मी निमूटपणे टोपण वेगळं केलं.

सगळ्यात गंमत अशी की या गोडव्याची सुरुवात म्हणे बंडखोरीतून झाली. १९७० च्या दशकात शाळकरी मुलींनी पेन्सिलीने गोल गोल, बाळबोध अक्षरं काढायला सुरुवात केली, मध्येच बदाम, मध्येच चांदणी, मध्येच हसरा चेहरा. मास्तरांना ते वाचता येईना. काही शाळांनी त्या अक्षरावर बंदी घातली. मोठ्यांच्या करड्या जगाला पोरींनी दिलेलं ते उत्तर होतं. मग कंपन्यांनी तेच वळण वह्यांवर छापून पोरींनाच विकलं आणि शेवटी पोलीस, करखातं आणि तुरुंग यांनी ते उचललं. बंड करावं तर असं, सरकारनेच त्याचा गणवेश करून घातला.

पण माझा खरा जीव जळला तो कुमामॉनमुळे. क्यूशू बेटावर कुमामोतो नावाचा प्रांत आहे. २०११ साली तिथपर्यंत शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पूर्ण होणार होती आणि लोक कुमामोतोला न उतरता तसेच पुढे जातील, अशी प्रांताला धास्ती. म्हणून २०१० साली त्यांनी एक काळं अस्वल तयार केलं: लाल गाल, कायम विस्फारलेले डोळे, चेहऱ्यावर आपलं नेमकं काय चुकलं हे न कळल्याचा भाव. क्यूशूत जंगली अस्वलं केव्हाच संपली आहेत, ही बाब कुणी आड येऊ दिली नाही. अस्वलाला प्रांताच्या सेवेत हंगामी कर्मचारी म्हणून घेतलं. पुन्हा वाचा: हंगामी. दहा हजार व्हिजिटिंग कार्डं देऊन त्याला ओसाकाला पाठवलं आणि कार्डं वाटता वाटता ते मध्येच बेपत्ता झालं. राज्यपालांनी पत्रकार परिषद घेऊन जनतेला आवाहन केलं की आमचं अस्वल दिसलं तर कळवा. अर्थात हा सगळा प्रसिद्धीचा बनाव होता. आता आमच्याकडे हंगामी कर्मचारी कामावरून गायब झाला तर काय होतं? मेमो, कारणे दाखवा, पगारकपात. या अस्वलाला मिळाली बढती! २०११ साली ते थेट विक्री विभागाचं प्रमुख झालं. वर्षाच्या आत! माझं नाव ज्येष्ठतायादीत जिथे होतं तिथेच दोन वेतन आयोग उलटले. गोपनीय अहवालात 'कर्मचारी कार्यक्षम, परंतु चेहरा त्रासिक' असा शेरा होता, त्याचा अर्थ मला निवृत्तीनंतर जपानमध्ये कळला.

थोडं समाधान एवढंच की २०१५ साली वजन कमी करण्याचं उद्दिष्ट न गाठल्याबद्दल कुमामॉनला काही काळ पदावनत केलं होतं. हे ऐकून मला त्याच्याबद्दल प्रथमच सहकाऱ्यासारखं वाटलं. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये कुमामोतोला मोठा भूकंप झाला, तेव्हा अस्वलाचं ट्विटर खातं गप्प झालं, तर लोक काळजीने विचारत होते की कुमामॉन बरा आहे ना? पुढच्या महिन्यात तो छावण्यांमध्ये फिरायला लागला, तेव्हा म्हाताऱ्या बायका त्याला मिठी मारून रडल्या. इथे माझ्याकडे टोमणा नाही. साहेब भूकंपात भेटायला आले असते तर त्यांच्या गळ्यात कुणी पडलं असतं असं मला वाटत नाही.

कुमामॉनची भरभराट बघून जो तो आपापलं बाहुलं काढायला लागला. एकट्या ओसाका प्रांतात नव्वदहून जास्त बाहुली झाली, इतकी की शेवटी प्रांतालाच म्हणावं लागलं, पुरे. देशभरातल्या बाहुल्यांची दरवर्षी निवडणूकही व्हायची. आणि या निवडणुकीत २०१८ साली जे झालं, ते कळल्यावर मला जपान एकदम आपलं वाटायला लागलं. योक्काइची शहराचा उमेदवार होता कोन्यूदो-कुन, लांब मानेच्या टकल्या राक्षसाचं बाळरूप. त्याला निवडून आणण्यासाठी पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी हजारो ईमेल खाती उघडली आणि कार्यालयातूनच मतं टाकली. बोगस मतदान! आयोजकांनी संशयास्पद मतं बाद केली, कोन्यूदो-कुन घसरला आणि शिकी शहराचा कापारू नावाचा पाणपिशाच्चाचा अवतार विजयी झाला. या देशातही साहेबाला खूश करायला कारकून जागतो आहे, या विचाराने मला रात्री शांत झोप लागली.

एवढं सगळं का चालतं, याचा जपान्यांनी शास्त्रीय तपासही केला आहे. मूळ सूत्र ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेंझचं, १९४३ चं. शरीराच्या मानाने मोठं डोकं, मोठे डोळे, फुगरे गाल, आखूड हातपाय आणि गोल अंग दिसलं की माणसाला ते बाळ वाटतं आणि त्याचे हात आपोआप पुढे होतात. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं.

"अहो, हे तर तुमच्या साहेबांचं वर्णन झालं," ही म्हणाली.

मी विचार केला. डोकं मोठं, गाल फुगरे, हातपाय आखूड. हात पुढे व्हायची इच्छा मलाही अनेकदा झाली होती. फक्त हेतू निराळा होता. पण त्यालाही शास्त्रात जागा आहे. येल विद्यापीठात गोंडस पिल्लांची चित्रं दाखवून लोकांच्या हातात फुग्याफुग्यांचा प्लॅस्टिक कागद दिला, तर त्यांनी फुगे फटाफट फोडले. फार गोड काही दिसलं की माणसाला ते चुरगाळावंसं वाटतं. आमच्या मालूआत्याला हा शोध कागदाशिवाय लागला होता. "खाऊन टाकू का गं तुला?" म्हणत ती पोरांचे गाल अशी काही ओढायची की ती घरात शिरली की लेकरं पलंगाखाली जात.

हिरोशिमा विद्यापीठातला हिरोशी नित्तोनो यांचा प्रयोग त्याहून कामाचा. २०१२ साली त्यांनी विद्यार्थ्यांना एक खेळ दिला, चिमट्याने अरुंद भोकांतून बारीक तुकडे काढायचे, कडेला धक्का न लावता. मध्ये काहींना कुत्र्या-मांजरांच्या पिल्लांची चित्रं दाखवली, काहींना मोठ्या कुत्र्या-मांजरांची. पिल्लं बघितलेल्यांचा हात पुढच्या फेरीत जास्त सावध आणि अचूक चालला. मी म्हटलं, हे आपल्याला जमण्यासारखं आहे. माझ्या सदऱ्याचं बटण तुटलं होतं. सुई घेतली, दोरा घेतला आणि फोनवर एक पिल्लू बघितलं. ते दुसऱ्या पिल्लाच्या अंगावरून गडगडत खाली आलं. मग मांजर आलं, खोक्यात शिरणारं. मग पाणघोड्याचं बाळ कलिंगड खाताना. मग हत्तीचं बाळ, स्वतःच्याच सोंडेवर पाय पडून कोलमडलेलं.

"काय हो, बटण लागलं का?" हिने झोपेतून विचारलं.

"एकाग्रता वाढवतोय," मी म्हणालो.

प्रयोगशाळेत मोजकीच चित्रं दाखवतात, हा त्या प्रयोगातला कळीचा मुद्दा माझ्या लक्षात आला तोवर खिडकीत उजाडलं होतं. सदरा मी अजून बटणाशिवाय घालतो.

हे वेड काही मोबाइलमुळे आलेलं नाही, असंही कळलं. हजारेक वर्षांपूर्वी सेई शोनागोन नावाची एक बाई तिथल्या राणीच्या पदरी होती. तिने आपल्या टिपणांत जिवाला गोड वाटणाऱ्या गोष्टींची यादी केली आहे. खरबुजावर काढलेला मुलाचा चेहरा, चिमणीचं उड्या मारत येणं, आणि रांगता रांगता जमिनीवर कचऱ्याचा कण सापडल्यावर बाळाने तो चिमुकल्या बोटांत धरून मोठ्यांना दाखवणं. वाचून मी विरघळलो. हिचं म्हणणं निराळं: "दरबारात दासी असणार, झाडत नव्हत्या का?"

हॅलो किटीवरून मात्र नातीचं आणि माझं वाजलं. मी तिच्या दप्तराकडे बोट दाखवून सहज म्हणालो, "छान आहे हो तुझी मनी."

"आजोबा, ती मांजर नाहीये."

"मिश्या आहेत, कान आहेत."

"ती मुलगी आहे. तिचं आडनाव व्हाइट आहे. ती लंडनजवळ राहते. तिच्याकडे स्वतःची मांजर आहे."

मला वाटलं पोरगी थापा मारते. पण नाही! १९७४ साली सॅनरिओ कंपनीच्या यूको शिमिझू यांनी काढलेल्या या बाईंची उंची पाच सफरचंदं आणि वजन तीन सफरचंदं, हे कंपनीकडे नोंदलेलं आहे. २०१४ साली लॉस एंजेलिसमधल्या एका प्रदर्शनासाठी क्रिस्टीन यानो या अभ्यासक बाईंनी मजकुरात तिला मांजर म्हटलं, तर कंपनीने दुरुस्ती पाठवली की ती मांजर नव्हे, लहान मुलगी आहे. जगभर लोक हबकले. माझ्या मते तिचं खरं सामर्थ्य वेगळंच आहे: तिला तोंड नाही. बघणारा दुःखी असेल तर ती दुःखी वाटते, आनंदी असेल तर आनंदी. खिडकीच्या आत बसायला याहून लायक उमेदवार मी पाहिलेला नाही. तोंडच नाही, तर 'सोमवारी या' म्हणणार कशाने?

जाण्याआधी मी हट्टाने वाकायामाला गेलो. तिथे एक मांजर स्टेशनमास्तर होती, असं ऐकलं होतं. कीशी हे आडगावचं स्टेशन. लाइन तोट्यात, खर्च कमी करायला स्टेशनवरचे कर्मचारी काढलेले. शेजारच्या दुकानदारीणबाईंची तामा नावाची तिरंगी मांजर तिथे बसलेली असायची. २००७ च्या जानेवारीत कंपनीने तिलाच स्टेशनमास्तर नेमलं. रीतसर. टोपी दिली, पगार मांजराच्या खाण्यात. तिला बघायला गाड्या भरून लोक यायला लागले आणि बुडीत लाइन तगली. तामा सुपर स्टेशनमास्तर झाली. २०१० साली स्टेशनची नवी इमारत बांधली, तिचं छप्पर मांजराच्या तोंडासारखं. २०१५ साली ती वारली, तेव्हा शिंतो पद्धतीने अंत्यसंस्कार झाले, हजारो लोक आले आणि तिला देवपद दिलं. स्टेशनवरच तिचं देऊळ आहे. गादीवर नितामा बसली.

आम्ही गेलो तेव्हा नितामा साहेब काचेच्या केबिनमध्ये कामावर होत्या. म्हणजे झोपल्या होत्या. कामाच्या वेळेत झोपलेले अधिकारी मी भरपूर पाहिले आहेत. एकाच्या तर मी स्वतः दारावर पहारा दिला आहे. पण काचेबाहेर जनता रांगेत उभी राहून, श्वास रोखून त्या झोपेचे फोटो काढते आहे, हे प्रथमच पाहिलं. मध्येच साहेबांनी एक पाय ताणला. रांगेतून "कवाईऽऽ", म्हणजे 'किती गोड', असा सामुदायिक उसासा निघाला. त्यात सगळ्यात मोठा आवाज आमच्या हिचा. माझा दुसरा.

पुण्याला परतलो तो डोक्यात बेत घेऊनच. आमच्या सोसायटीत खालच्या टाकीच्या पाण्याने गाड्या धुतात. तिथे वर्षानुवर्षं एक पाटी होती: 'पाणी वाया घालवू नये. घालवल्यास नळ तोडण्यात येईल. हुकमावरून.' ती वाचत वाचत लोक गाड्या धुवत. मी सभेत म्हणालो, हे धमकावणं सोडा. टाकीच्या भिंतीवर पाण्याचा एक थेंब काढा. मोठे डोळे, फुगरे गाल, जोडलेले हात.

"नाव काय ठेवायचं?" सेक्रेटरींनी विचारलं. यावर अर्धा तास गेला. पाटीवर 'हुकमावरून' राहिलंच पाहिजे, असा देशमुखांचा आग्रह. त्यात आणखी अर्धा तास. शेवटी थेंबू हे नाव मंजूर झालं आणि चौथ्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या विद्यार्थिनीने तो फारच सुरेख काढला. पोट जरा जास्त आलं आणि गाल लाल झाले, पण थेंब मोठा लोभस दिसायला लागला.

पहिल्या दिवशी लोकांनी फोटो काढले. दुसऱ्या दिवशी गाडी धुताना त्याच्या डोळ्यांत साबण जाणार नाही, अशी काळजी घेतली. मग तळमजल्यावरच्या आजींनी ते जोडलेले हात, ते पोट आणि लाल गाल नीट निरखले आणि पुढे जास्वंदीचं फूल ठेवलं. चतुर्थीला हळदकुंकू झालं. वॉचमनने उदबत्तीचं घर आणून ठेवलं. टाकीपाशी चपला काढायच्या, असं कुणीतरी खडूने लिहिलं.

सेक्रेटरी परवा जिन्यात भेटले. भारावलेले होते. "तुमचा जपानी उपाय लागू पडला बरं का. टाकीपाशी गाडी धुवायची कुणाची हिंमत नाही आता."

"मग पाणी वाचत असेल?"

"वाचलं असतं हो," ते म्हणाले, "पण रोज सकाळी थेंबूला अभिषेक असतो ना. वॉचमन पाइप लावतो."